वारुळाजवळची अभ्यासिका

हे प्रकरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावाचं आहे. चिमूर आणि वरोऱ्याच्या मधल्या पट्ट्यातलं गाव. कापूस, सोयाबीन, तूर, आणि नाल्याच्या अंगानं थोडा धान. माणसांची नावं देत नाही. गावात तशीही सगळ्यांची हाक सरपंचताई, गुरुजी, मिस्त्री अशीच असते, तेवढ्यावर भागेल. मी आर्किटेक्ट, नागपुरात काम करतो. गाव माझं आजोळ, त्यामुळे तिथं मी सगळ्यांचाच भाचा आणि फीचा विषय पहिल्याच दिवशी मिटलेला.

इमारत अगदी साधी आहे: २० बाय ३५ फुटांची एक खोली, पुढे सपरी, म्हणजे ओसरी. तिच्यात बढाई मारण्यासारखं फार नाही. पण सजीवांच्या रचनेवरून इमारत घडवायला निघालं की माणूस कुठं कुठं फसतो, हे एका जागी बघायचं असेल तर ही खोली चांगली आहे.

पार्श्वभूमी

गावातली वीस-पंचवीस पोरं-पोरी स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, एखाददुसरा राज्यसेवा. घरी जागा नाही, म्हणून ती समाजमंदिरात बसत. समाजमंदिराला टिनाचं छप्पर. मार्च लागला की सकाळी दहालाच टिन तडतडायला लागतं, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, दुपारी त्या खोलीत पुस्तकाचं पान उलटताना बोटाचा घाम कागदाला लागतो. गावानं एक मोठा लोखंडी कूलर आणून दिला होता. त्याचा आवाज एवढा, की पोरं तो बंद करून अभ्यास करत आणि चालू करून झोपत.

ग्रामपंचायतीकडे पंधराव्या वित्त आयोगातले काही पैसे होते, बाकी लोकवर्गणी. जागा गावाबाहेरच्या बरडावर, मुरमाड. तिथं एक कडुनिंब आणि त्याला टेकून खांद्याएवढं उंच जिवंत वारूळ. नागपंचमीला बायका तिथं दूध-लाह्या वाहतात. ते वारूळ हलवायचं नाही, हे ग्रामसभेत पहिल्या पाच मिनिटांतच ठरलं.

वारुळाचा विषय निघाला तो त्यामुळेच. एका पोराच्या सामान्यज्ञानाच्या वहीत नोंद होती: झिम्बाब्वेतली हरारेची इस्टगेट इमारत, वारुळावरून सुचलेली, एसीशिवाय थंड राहणारी. त्यानं मोबाइल फिरवून फोटो दाखवला आणि म्हणाला, "आपल्याकडं तर वारूळ आयतंच हाये. तसंच बांधून टाकू." सगळे हसले, पण कल्पना बसली. मीही खूश झालो, हे कबूल करतो. असं काम सांगायला छान असतं.

अडचण नेमकी काय होती

कागदावर अडचण सोपी होती. तीस जणांना सकाळी दहापासून रात्री अकरापर्यंत बसता यावं, एप्रिल-मे-जूनमध्येसुद्धा. विजेचं बिल ग्रामपंचायतीला झेपावं. पाणी फार लागू नये, कारण मेमध्ये गावाला टँकर येतो. आणि अंदाजपत्रक असं असावं की त्याला तांत्रिक मंजुरी मिळेल. म्हणजे दरसूचीत, सरकारी दरांच्या यादीत, जे काम नाही ते सरकारी पैशातून करता येणार नाही.

खरी अडचण वेगळी होती. प्रत्येकाच्या डोक्यात आधीच एक चित्र होतं. सरपंचताईंचे यजमान दिल्लीला जाऊन लोटस टेंपल बघून आले होते; त्यांना कमळ हवं होतं. पोरांना वारूळ हवं होतं. गुरुजींना टिकाऊ स्लॅब हवा होता आणि त्याखाली एसी. माझ्या ऑफिसातल्या नव्या मुलाला ऑस्ट्रेलियातली वारुळं हवी होती. मला काय हवं होतं? मासिकात फोटो छापून येईल असं काहीतरी. हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही.

समोर आलेले पर्याय

कमळाचा पर्याय दहा मिनिटांत गेला. लोटस टेंपल १९८६ मध्ये पुरं झालं, त्याच्या २७ संगमरवरी पाकळ्या आहेत, आणि एकेक पाकळी म्हणजे काँक्रीटचं पातळ, दोन्हीकडून वळलेलं कवच आहे. ते सेंटरिंग आमच्या तालुक्यात कोण करणार? शिवाय निवडणुकीच्या तोंडावर गावात कमळ म्हटलं की दुसराच अर्थ निघतो. सरपंचताईंनीच यजमानांना गप्प केलं.

एसीचा पर्याय गुरुजींनी नेटानं लावून धरला आणि त्यात तथ्यही होतं. एसी लावला की थंड होतं, वाद नाही. पण दुपारच्या वेळी गावात व्होल्टेज एवढं पडतं की पंखासुद्धा हाताने फिरवल्यासारखा फिरतो. आणि बिल कोण भरणार, यावर सगळे खाली बघायला लागले.

ऑस्ट्रेलियातल्या वारुळांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिथं मी थोडक्यात वाचलो. डार्विन शहराच्या दक्षिणेला एका जातीची वाळवी पाचरीसारखी चपटी, उंच वारुळं बांधते आणि ती सगळी उत्तर-दक्षिण लांब असतात. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन रुंद बाजूला मिळतं, दुपारचं डोक्यावरचं ऊन फक्त अरुंद कडेवर पडतं. आमच्या मुलानं खोली तशीच उत्तर-दक्षिण लांब काढून आणली. आकृती सुंदर होती. पण आपल्याकडे खोलीला जाळतं ते पश्चिमेचं ऊन. तीन ते सहा. भिंतीची लांब बाजू पश्चिमेला दिली असती तर संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत ती भिंत आत उष्णता ओतत राहिली असती. त्या वाळवीला सकाळी ऊब हवी असते, आमच्या पोरांना ती मुळीच नको होती. खोली पूर्व-पश्चिम लांब केली, आखूड भिंत पश्चिमेला, तिला खिडकी नाही.

राहिलं वारूळ. त्यात दोन मतं होती. एक, बाहेरून वारुळासारखा दिसणारा मातीचा घुमट. दुसरं, आकार साधा ठेवून फक्त हवा खेळवायची पद्धत उचलायची. मी दुसऱ्या बाजूला होतो आणि माझा आवडता दाखला मी ग्रामसभेत दिला. जोसेफ पॅक्स्टन हा मूळचा माळी. त्यानं मोठ्या पानांचं एक कमळ इंग्लंडात वाढवलं, त्या पानावर आपल्या लहान मुलीला उभं केलं आणि पान बुडालं नाही. त्या पानाच्या खालच्या बाजूला जाडजूड शिरांची जाळी असते. १८५१ च्या प्रदर्शनासाठी त्यानं लंडनमध्ये लोखंड आणि काचेचा अवाढव्य क्रिस्टल पॅलेस उभारला, तेव्हा त्यानं त्या शिरांची युक्ती घेतली. पानाची गोलाई घेतली नाही. मधला कमानदार भाग सोडला तर इमारत सरळ चौकोनीच होती.

गुरुजी म्हणाले, "म्हणजे पान उलटं करून बघायचं."

एवढं नेमकं मला बोलता आलं नसतं. मात्र वारूळ उलटं करून बघायचं राहिलंच. ते आम्ही नंतर, बांधून झाल्यावर बघितलं.

तेव्हा काय केलं

मी धरून चाललो होतो तो समज सर्वत्र प्रचलित आहे: वारुळाच्या पोटात कोमट हवा तयार होते, ती वरच्या नळ्यांतून निघून जाते, खालून गार हवा ओढली जाते, आणि वारूळ थंड राहतं. हरारेत मिक पिअर्स या आर्किटेक्टनं १९९६ मध्ये उघडलेल्या इमारतीत असाच विचार आहे: जाड काँक्रीट-विटांचं वजन, रात्रीची गार हवा आत खेळवायची, छपरावर विटांच्या धुराड्यांची रांग.

म्हणून आम्हीही दोन धुराडी घेतली, स्लॅबच्या वर दहा-दहा फूट. खाली जमिनीलगत उत्तरेकडे लहान झरोके. भिंती विटांच्या, पण रॅट ट्रॅप पद्धतीनं: वीट आडवी न निजवता कडेवर उभी लावायची, म्हणजे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. केरळात लॉरी बेकरनी ही पद्धत रुजवली. विटा साधारण पाव हिश्शानं कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. मिस्त्रींना पटायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "भाचेबुवा, पोकळ भिंतीत साप राहायला येईल." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच एक हात लांब भिंत रचून, वर चढून नाचून बघितली.

छतासाठी फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट तसं फारसं काम करत नाही. तिथं मधे मधे कवेलू, म्हणजे कौलं, ठेवून वर काँक्रीट ओतायचं. गावात घरकुलं झाल्यापासून जुन्या घरांच्या इंग्रजी कवेलूंचे ढीग आवारात पडले होते. लोकांनी वर्गणी म्हणून कवेलू दिले. आज छताकडे बघून पोरं सांगतात, तो डाव्या कोपऱ्यातला काळपट कवेलू आमच्या आजीच्या चुलीवरचा आहे.

स्लॅब आणि खांब दरसूचीप्रमाणे, त्यामुळे मंजुरीला अडचण आली नाही. धुराडी दरसूचीत बसेनात, ती लोकवर्गणीतून.

मोठा निर्णय जमिनीचा होता. मी खोलीची फरशी जमिनीपेक्षा तीन फूट खाली घेतली. कारण सोपं होतं: माती खोल जाईल तसं तिचं तापमान स्थिर होतं. चार-पाच मीटरवर ते वर्षाच्या सरासरीजवळ, आपल्याकडे सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास राहतं. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागतं ते म्हणूनच. काळ्या मातीत मी हे धाडस केलं नसतं, ती फुगते आणि आकसते, भिंती फाडते. पण इथं मुरूम होता.

खोदकाम चालू असताना मिस्त्रींनी एकदा कुदळ थांबवून वारुळाकडे बोट दाखवलं. "वारूळ हाये तिथं पाणी असते. म्हातारे पाणाडे हेच पाहत. इतकं खाली नका घेऊ." मी हसून सोडून दिलं. बरड आहे, विहीर शंभर पावलांवर आहे आणि तिचं पाणी खूप खाली आहे, असं मी सांगितलं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा एक अध्यायच आहे आणि त्यात झाडाशेजारच्या वारुळावरून भूजल ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत, हे मला ठाऊक होतं. गंमत म्हणून ठाऊक होतं.

पहिला उन्हाळा

खोली मार्चमध्ये सुरू झाली. मार्च, अर्धा एप्रिल उत्तम. पोरं खूश, सरपंचताई खूश, शेजारच्या गावचे लोक बघायला. मे लागला आणि फोन आला: "सर, दुपारी आत लू येऊन रायली."

मी गेलो तो दिवस अजून आठवतो. दुपारचे अडीच, बाहेर ४४. पोरांनी मेडिकलमधून भिंतीचा थर्मामीटर आणला होता, आत ३९. समाजमंदिरापेक्षा बरं, पण धुराड्याखाली बसलेल्या मुलीच्या वहीची पानं फडफडत होती आणि पंखा बंद होता. मिस्त्रींनी खिशातून अगरबत्ती काढली, खालच्या झरोक्याशी धरली. मला धूर आत येताना दिसायला हवा होता. तो सरळ बाहेर गेला. मग त्यांनी माझा हात धरून धुराड्याच्या तोंडाखाली नेला. तळहातावर कुणी गरम फुंकर घालत असावं तशी वरून हवा उतरत होती.

कारण दिसल्यावर लाज वाटली. धुराडं हवा वर ओढतं, ते आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असेल तर. मेच्या दुपारी आमची खोली बाहेरपेक्षा पाच अंश गार होती. गार हवा जड. ती खालच्या झरोक्यांतून पाण्यासारखी वाहून जात होती आणि तिची जागा घ्यायला वरून लू उतरत होती. कष्टानं मिळवलेला गारवा आम्हीच सांडत होतो.

वारूळ खरंच काय करतं

त्या रात्री मी वाचायला बसलो. हे वाचन दोन वर्षं आधी व्हायला हवं होतं.

नामिबियातल्या वारुळांवर वर्षानुवर्षं काम केलेले जीवशास्त्रज्ञ स्कॉट टर्नर आणि त्यांचे सहकारी रूपर्ट सोअर यांनी २००८ मध्ये स्पष्ट मांडलं होतं की वारूळ घरट्याला थंड ठेवण्याचं यंत्र नाही. घरटं जमिनीत असतं आणि त्याचं तापमान भोवतालच्या मातीबरोबर ऋतूप्रमाणे वर-खाली होतं. वरचा मातीचा डोलारा श्वासासाठी आहे, फुप्फुसासारखा. आत लाखो जीव राहतात, शिवाय ते बुरशीची शेती करतात. त्यांना ऑक्सिजन हवा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला हवा. पावसाळ्यात आमच्याकडे वारुळाजवळ उगवणाऱ्या सात्या लोक चवीनं खातात, त्या याच बुरशीच्या छत्र्या. म्हणजे पोरांची आजी टोपलीत जे घेऊन येते, तेच या सगळ्या बांधकामाचं कारण.

२०१५ मधला एक अभ्यास तर आपल्याच वारुळांवरचा होता. ओडोंटोटर्मिस ओबेसस ही भारतभर दिसणारी, वारूळ बांधणारी वाळवी. तिच्या वारुळात हवेचा प्रवाह दिवसात दिशा बदलतो. दिवसा बाहेरचे कंगोरे लवकर तापतात, तिथली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री कंगोरे लवकर निवतात आणि चक्र उलटं फिरतं. वारूळ दिवस-रात्रीच्या फरकावर श्वास घेतं. माझ्या धुराड्यात दुपारी हवा उलटी येत होती, त्यात नवल काहीच नव्हतं. सपरीपासून वीस पावलांवर तेच रोज घडत होतं.

मग हरारेची इमारत कशी चालते? एक तर ती फक्त धुराड्यांवर चालत नाही, आत पंखे आहेत आणि रात्री ते जोरात चालवून बांधकाम निववलं जातं. दुसरं, हरारे जवळपास दीड हजार मीटर उंचीवर आहे. तिथल्या तापत्या ऑक्टोबरमध्येही रात्री पारा पंधरा-सोळाच्या घरात उतरतो. जड भिंतींची खोली दिवस-रात्रीच्या सरासरीकडे सरकते. त्यांची सरासरी विशीच्या आसपास. आमच्या मेमध्ये दिवसा ४५, रात्री ३०, सरासरी साडेसदतीस. भिंत कितीही जाड करा, ती रात्री कुठून गार होणार? वर्गणी गोळा करताना आम्ही लोकांना "एसीसारखं थंड" असं सांगितलं होतं. ते सांगायला नको होतं.

दुरुस्ती

इथं पुन्हा तीन वाटा होत्या. धुराडी कायमची बुजवायची. किंवा ती काळी रंगवून उन्हानं तापवायची, म्हणजे दिवसाही हवा वर ओढतील. किंवा त्यांना झडपा बसवून दिवसा बंद, रात्री उघड्या ठेवायच्या.

काळ्या धुराड्याची कल्पना मला आवडली होती. पण ती ओढणार ती हवा बाहेरचीच, ४४ अंशांची. मग झरोक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर पाणी सोडावं लागलं असतं. मेची कोरडी हवा, ताटी छान काम करते, ते सगळ्या विदर्भाला माहीत आहे. बैठकीत मी हे मांडलं तर मागून एक काकू म्हणाल्या, "आम्ही टँकरपाशी गुंड-घागरी घेऊन भांडतो आन तुम्ही ताटीले पाणी पाजता?" प्रश्न तिथंच संपायला हवा होता. आम्ही मात्र हुशारी केली: गावातल्या आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी आणू. आणलंही. महिन्याभरात ताटी क्षारांनी पांढरी, कडक झाली, मिठाच्या पापडासारखी. हवा जाईना. ताट्या काढल्या.

शेवटी झडपा. टिनाच्या, बिजागरीवर, गडगडीवरून दोरी खाली सोडलेली. सकाळी सातला धुराडी, झरोके, खिडक्या सगळं बंद. रात्री आठ-नऊला सगळं उघडं, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की. पोरांनी ड्युटीचा तक्ता लावला. भरतीची तयारी करणाऱ्या एका पोरानं हे काम अंगावर घेतलं आणि तो ते शिस्तीनं करायचा, सकाळी रनिंगला जाताना आणि रात्री जाताना. शिवाय स्लॅबवर दीड फूट उंच बांबूचा मांडव घालून हिरवी नेट ताणली. आधी पऱ्हाट्या-तुऱ्हाट्या घालणार होतो, लग्नाच्या मांडवासारख्या. मिस्त्रींनी विजेची तार दाखवली आणि आग लागेल म्हणून नको म्हणाले. यावेळी मी ऐकलं.

या दुरुस्तीनंतर नवतप्यात दुपारी आत ३६, बाहेर ४५. वर पंखा असेल तर ३६ मध्ये अभ्यास होतो. थंड वाटत नाही. पोरं याला "बसण्यालायक" म्हणतात, आणि मला तो शब्द अगदी योग्य वाटतो.

पावसाळा आणि वाळवी

जुलैत झड लागली. चौथ्या दिवशी फरशीच्या सांध्यांतून पाणी वर आलं. बरडाच्या मुरमाखाली कठीण थर होता. पावसाचं पाणी मुरमातून उतरून त्या थरावर साचत होतं आणि आमचा खड्डा नेमका त्यात. विहिरीच्या पातळीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मिस्त्री काही बोलले नाहीत. ते बाजूला उभं राहून फक्त वारुळाकडे बघत होते, आणि ते मला जास्त लागलं.

खोलीभोवती पाच फूट खोल चर काढला, त्यात बोल्डर भरले, उताराच्या बाजूनं पाणी काढून दिलं. फरशी दीड फुटानं वर उचलली. तीन फुटांचा गारवा अर्धा गेला. खर्च पुन्हा लोकवर्गणीतून, आणि यावेळी पैसे देताना लोकांनी प्रश्न विचारले. विचारायलाच हवे होते.

दुसऱ्या पावसाळ्यात पुस्तकांच्या लाकडी कपाटाची मागची फळी हाताला पिठासारखी लागली. वाळवी. चालू घडामोडींचे तीन वर्षांचे अंक आणि एक जाडजूड मराठी व्याकरण तिनं आतून पोखरलं होतं, बाहेरून कव्हर शाबूत. औषध मारावं असं गुरुजी म्हणाले. बायकांनी नागपंचमीच्या वारुळाला विष चालणार नाही असं सांगितलं. चर्चा दोन आठवडे चालली. शेवटी लाकूड हद्दपार केलं: लोखंडी रॅक, भिंतीपासून चार बोटं दूर. पोरांनी त्यावर पाटी लावली आहे, "वारुळाची फी भरून झाली आहे."

निष्पत्ती

खोली वापरात आहे. उन्हाळ्यात दुपारी पंधरा-वीस जण बसतात, समाजमंदिरात तेव्हा चिटपाखरू नसे. विजेचा खर्च पंखे आणि दिवे एवढाच. नेट एकदा अवकाळी वादळात उडून शेजारच्या तुरीत गेली, परत आणून शिवली. वानरांनी एका धुराड्याची वरची वीट पाडली, आता जाळी आहे. मासिकात फोटो आलेला नाही; धुराडी सोडली तर बाहेरून ती ग्रामपंचायतीची कुठलीही खोली वाटते.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्यांदा मी एक उन्हाळा नुसता मोजण्यात घालवीन. गावात तीन-चार जुनी मातीची, कवेलूची घरं अजून आहेत, त्यांच्या माजघरात आणि समाजमंदिरात थर्मामीटर टांगून ठेवीन. हरारेचा फोटो बघण्याआधी आजीच्या माजघरात दुपारी तीनला बसायला हवं होतं. तिथं खिडक्या दुपारी बंद आणि रात्री उघड्या असतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. ते डिझाइनमध्ये घ्यावं असं मात्र मला सुचलं नाही.

जमीन खाली घेण्याऐवजी पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून मातीचा उतरता भराव देईन. मातीचा आधार मिळेल, पाणी येणार नाही. तरीही खाली जायचंच असेल तर आधी एक पावसाळा चाचणीचा खड्डा उघडा ठेवीन.

धुराडी ठेवीन की नाही, यावर माझं अजून नक्की होत नाही. रात्री ती चांगली ओढतात, हाताला कळतं. पण दोन मोठ्या खिडक्या समोरासमोर आणि एक एक्झॉस्ट पंखा एवढ्यानंही बरंचसं काम झालं असतं, कमी पैशात. खरं सांगायचं तर धुराडी त्या फोटोमुळे आली.

आणि झडपांची दोरी. सगळा गारवा दिवसातून दोनदा कुणीतरी दोरी ओढण्यावर अवलंबून आहे, आणि ती कुणी ओढायची याचा विचार मी नकाशात कुठं केलाच नव्हता. वारुळात दुरुस्तीला सतत कामकरी वाळवी असतात. माती फुटली की त्या लगेच लिंपतात. आमचा ड्युटीवाला पोरगा भरती झाला आणि ट्रेनिंगला गेला. चांगलंच झालं, त्यासाठीच तर खोली बांधली. यंदा एप्रिलमध्ये मी दुपारी एकला गेलो, तर दोन्ही झडपा सताड उघड्या. दोरी तुटल्यावर कुणीतरी तिच्या जागी बैलाचं दावं बांधलं होतं, ते वर अडकून बसलं होतं. विचारलं तेव्हा कोपऱ्यातली एक मुलगी उठली, बाकावर चढली, दाव्याला दोन हिसके दिले. झडप खाडकन मिटली, वरून थोडी धूळ आणि कबुतराचं एक पीस खाली आलं. तिनं ते वहीवरून झटकलं आणि पुन्हा गणिताला बसली.